जोडीचा खेळाडू

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शाळेंतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्यापुढें येऊन उभा राहिला. मुलगा पुंडलिकनगरांत पाण्याच्या टाकीच्या बाजूस राहणारा. संध्याकाळीं गारखेड्याच्या विभागीय क्रीडासंकुलांत टेनिस शिकावयास जातो. शाळेच्या संघांत त्याची निवड झाली होती. परंतु एकेरी सामन्यांसाठीं नव्हे, दुहेरीसाठीं. त्याच्या चेहऱ्यावर आनंदाचें चिन्ह दिसेना. कारण विचारतां त्यानें सांगितलें कीं, घरीं वडील म्हणाले, "ज्याला एकट्याला खेळतां येत नाहीं, त्याला दुसऱ्याच्या जोडीला लावतात." आम्हीं त्याला त्या वेळीं एवढेंच म्हटलें कीं, तुझ्या वडिलांस वार्षिक अंकांतून उत्तर देऊं. तें वचन पाळण्यासाठीं हा लेख लिहीत आहों. वडिलांचें म्हणणें अगदींच निराधार आहे असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांत थोडें तथ्य आहे, आणि तें आम्ही झांकून ठेवणार नाहीं.

प्रथम खेळाविषयीं. टेनिसचें कोर्ट ७८ फूट लांब असतें. एकेरीसाठीं त्याची रुंदी २७ फूट धरतात. दुहेरीसाठीं दोन्ही बाजूंचे साडेचार-साडेचार फुटांचे पट्टे जमेस धरून ती ३६ फूट होते. म्हणजे माणसें दुप्पट झालीं, पण जागा एकतृतीयांशानेंच वाढली. दुहेरीचा सगळा स्वभाव या एका हिशेबांत आला. एकेरींत प्रतिपक्ष जेथें नाहीं अशी मोकळी जागा हेरून तेथें चेंडू पाठवावयाचा असतो. दुहेरींत मोकळी जागा बहुधा नसतेच; ती उत्पन्न करावी लागते. हें काम मुख्यत्वें जाळ्याजवळ उभा असलेला गडी करितो. सर्व्हिस करणाऱ्याचा जोडीदार जाळ्यापासून दोनचार पावलांवर वांकून उभा असतो, आणि प्रतिपक्षानें परतविलेला चेंडू जमिनीस लागण्यापूर्वींच आडवा धांवून तो मारतो. तो केव्हां धांवणार, हें दोघांत आधीं ठरलेलें असावें लागतें. म्हणून प्रत्येक गुणापूर्वीं दोघे तोंडावर हात धरून कुजबुजतात, किंवा पुढचा गडी पाठीमागें हात नेऊन बोटांनीं खूण करितो. मागें बसलेल्या प्रेक्षकांस ती खूण दिसते. समोरच्या दोघांस नाहीं.

दोघांच्या बरोबर मधून येणारा चेंडू कोणाचा, हा दुहेरींतला सर्वांत जुना प्रश्न होय. नवशिक्या जोड्या येथेंच फसतात. एक तर दोघेही धांवतात आणि रॅकेटी एकमेकींवर आपटतात, नाहीं तर दोघेही सभ्यपणानें थांबतात आणि चेंडू मधून निघून जातो. दोघेही उजव्या हातानें खेळणारे असल्यास डाव्या बाजूच्या गड्याचा फोरहँड मध्यभागीं येतो, म्हणून तो चेंडू त्याचा, असा सर्वसाधारण संकेत आहे. परंतु संकेत संकेतच. हांक देणें हा खरा उपाय.

आतां ज्यांच्या कारकीर्दीच्या आधारें वडिलांस उत्तर द्यावयाचें, त्यांचें नांव लिअँडर पेस. जन्म १७ जून १९७३, कोलकात्यांतला; परंतु पित्याकडून घराणें गोमंतकीय. वडील वेस पेस १९४५ सालीं गोव्यांत जन्मले. ते डॉक्टर होते, आणि १९७२ सालीं म्यूनिकच्या ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघांत खेळले होते. ऑगस्ट २०२५ मध्यें ते निवर्तले. आई जेनिफर यांनीं बास्केटबॉलमध्यें भारताचें कर्णधारपद भूषविलें. त्या बंगाली महाकवि मायकेल मधुसूदन दत्त यांच्या वंशांतील. मुलाच्या वांट्यास काव्य किती आलें तें ठाऊक असणारे सांगोत; चपळाई मात्र दोन्हीकडून आली. १९८५ सालीं हा मुलगा टेनिस शिकण्यासाठीं मद्रासेंतील अमृतराज बंधूंच्या अकादमींत दाखल झाला, आणि पांच वर्षांनीं, १९९० सालीं, विंबल्डनच्या कुमारगटांत त्यानें अजिंक्यपद जिंकिलें. तें अजिंक्यपद एकेरीचें होतें, हें वडिलांनीं ध्यानांत घ्यावें.

एकट्यानें खेळून पेस यांनीं काय मिळविलें याचा दुसरा दाखला १९९६ सालचा. अटलांटा येथील ऑलिंपिकांत उपांत्य सामन्यांत आंद्रे अगासी याच्याकडून ते हरले. मनगट दुखावलेलें होतें. तशा स्थितींत कांस्यपदकासाठीं ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीशीं पहिला सेट ३-६ असा गमावून त्यांनीं पुढचे दोन ६-२, ६-४ असे घेतले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, त्यानंतर चव्वेचाळीस वर्षें स्वतंत्र भारताच्या कोणाही खेळाडूस ऑलिंपिकांत वैयक्तिक पदक मिळालें नव्हतें. खाशाबांचा पहिला वारस असा एक टेनिसपटु निघाला. १९९८ सालीं त्यांनीं न्यूपोर्ट येथें एकेरीची स्पर्धा जिंकिली, आणि त्याच वर्षीं न्यू हेवन येथें पीट सँप्रास यास हरविलें.

इतकें असूनही एकेरीच्या जागतिक क्रमवारींत पेस यांचा क्रमांक ७३ च्या वर कधीं गेला नाहीं. वडिलांच्या म्हणण्यांतलें तथ्य तें हेंच. मागच्या रेषेवर उभें राहून तासन्‌तास जोरदार फटके मारीत बसणें हा ज्या काळीं एकेरीचा राजमार्ग ठरूं लागला होता, त्या काळीं त्यांचें बळ जाळ्याजवळ होतें : डोळ्यांची व हातांची विजेसारखी जलदी, आणि चेंडू कोठें येणार याचा आधींच येणारा अंदाज. एकेरींत हें बळ आठवड्यांतून एखादा दिवस चमके. दुहेरींत तें प्रत्येक गुणाला उपयोगी पडे. ज्याला एकट्याला खेळतां येत नाहीं तो दुहेरींत जातो, असें म्हणण्यापेक्षां, ज्याचे गुण दोघांच्या खेळांत अधिक फळतात तो तिकडे वळतो, असें म्हणणें न्यायाचें होईल. हा निर्णय मात्र सोपा नसतो. क्रमवारींत सत्तर-ऐंशींच्या घरांत असलेल्या माणसानें एकेरीचा नाद सोडावयाचा म्हणजे लहानपणापासून पाहिलेल्या एका चित्राकडे पाठ फिरवावयाची.

पेस यांच्या दुहेरीचें सोन्याचें वर्ष १९९९. जोडीदार महेश भूपति. त्या एका वर्षांत टेनिसच्या चारही महास्पर्धांच्या अंतिम सामन्यांत ही जोडी उभी होती. ऑस्ट्रेलियांत ब्यॉर्कमन व राफ्टर यांच्याकडून हार. पॅरिसमध्यें इव्हानिसेविच व टॅरँगो यांच्यावर विजय. विंबल्डनमध्यें हारहुइस व पामर यांच्यावर विजय. न्यूयॉर्कमध्यें लारो व ओब्रायन यांच्याकडून हार. पुरुष दुहेरीची महास्पर्धा जिंकणारी ही पहिलीच भारतीय जोडी. त्याच विंबल्डनमध्यें पेस यांनीं लिसा रेमंड हिच्यासह मिश्र दुहेरीही जिंकिली, आणि जून महिन्यांत ते दुहेरीच्या जागतिक क्रमवारींत पहिले झाले. डेव्हिस चषकांत तर या दोघांनीं १९९७ पासून २०१० पर्यंत दुहेरीचे सलग २४ सामने जिंकिले.

आणि तरीही २००० सालीं ही जोडी फुटली. पुढें २००१ सालीं पॅरिसमध्यें तिनें पुन्हां अजिंक्यपद मिळविलें, २००२ व २००६ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदकें मिळविलीं. पण पूर्वीची गोडी आली नाहीं. अथेन्सच्या ऑलिंपिकांत, २००४ सालीं, कांस्यपदकाच्या सामन्यांत क्रोएशियाच्या अँचिच व ल्युबिचिच यांनीं या दोघांस शेवटच्या सेटमध्यें १६-१४ असें हरविलें. लंडनच्या ऑलिंपिकापूर्वीं, २०१२ सालीं, तर प्रकरण विकोपास गेलें. भूपति व रोहन बोपण्णा या दोघांनींही पेस यांच्याबरोबर खेळण्यास नकार दिला. दोन निरनिराळ्या जोड्या पाठवाव्या लागल्या, पेस यांस विष्णु वर्धन हा तरुण जोडीदार मिळाला, आणि पदक कोणासच मिळालें नाहीं. दोष कोणाचा, याचा निवाडा आम्ही करूं इच्छीत नाहीं. दोन्ही बाजूंनीं बरेंच बोलून झालें आहे. एवढें मात्र म्हणावेंसें वाटतें कीं, ज्या दोघांस एकमेकांच्या पाठीमागची बोटांची खूण वाचतां येत होती, त्यांनीं कोर्टाबाहेर एकमेकांचें मन वाचूं नये, हें त्या काळीं पाहणाऱ्या आम्हां सर्वांस फार लागलें.

जोड्या फुटतात याचें कारण नेहमीं भांडणच असतें असें नाहीं. या धंद्याची रचनाच तशी आहे, आणि ती बाहेरच्या माणसास सहसा ठाऊक नसते. दुहेरीची जागतिक क्रमवारी जोडीची नसून प्रत्येक खेळाडूची वेगळी असते. एखाद्या स्पर्धेंत प्रवेश हवा असेल तर दोघांच्या क्रमांकांची बेरीज पाहतात. जिची बेरीज लहान, ती जोडी आधीं घेतली जाते. समजा, एकाचा क्रमांक ४० आणि दुसऱ्याचा ५५. बेरीज ९५ झाली. त्या आठवड्यांत प्रवेशाची यादी ९० वर थांबली, तर हे दोघे बाहेर राहिले. चाळिसाव्यानें पंचेचाळिसावा जोडीदार पाहिला, तर बेरीज ८५ होऊन तो आंत जातो. मैत्री कितीही जुनी असो, आंकडा हा असा बोलतो. आमचे गणिताचे सहकारी म्हणतात कीं, बेरजेचें इतकें निष्ठुर उदाहरण त्यांच्या क्रमिक पुस्तकांत नाहीं. शिवाय एकेरींत वरच्या क्रमांकावर असलेल्या खेळाडूस तोच क्रमांक दुहेरीच्या प्रवेशासाठींही वापरतां येतो. त्यामुळें एखाद्या आठवड्यांत एकेरीच्या चारदोन खेळाडूंस गंमत म्हणून दुहेरी खेळण्याची लहर आली, तर ज्यांचें पोटच दुहेरीवर आहे असे यादीच्या तळचे दोघे गांवीं परततात.

पैशाचें मान पाहूं. विंबल्डनमध्यें २०२४ सालीं एकेरीच्या विजेत्यास २७ लाख पौंड मिळाले. पुरुष दुहेरीच्या विजेत्या जोडीस ६ लाख ५० हजार. ते दोघांनीं वांटून घ्यावयाचे, म्हणजे प्रत्येकीं सव्वातीन लाख, एकेरीच्या आठव्या हिश्शाहूनही कांहींसे कमी. मिश्र दुहेरीच्या जोडीस १ लाख ३० हजार. या शिखरावरच्या रकमा झाल्या. खालच्या पायऱ्यांवर विमानाचें भाडें, निवास, शिक्षकाचा पगार हें सारें ज्याचें त्यानें सोसावयाचें, आणि पहिल्या फेरींत हरल्यास तो आठवडा तोट्यांत गेला असें समजावयाचें. खेळाचे नियमही आंखूड करण्यांत आले. २००६ पासून नेहमींच्या व्यावसायिक स्पर्धांत दुहेरीचा तिसरा सेट खेळत नाहींत; त्याऐवजीं दहा गुणांचा एक टायब्रेक खेळतात. गेममध्यें बरोबरी झाली तर पुढच्या एकाच गुणावर गेम ठरतो. सामना लवकर आटोपतो हें खरें, पण वर्षभराचें कौशल्य चारपांच चेंडूंवर टांगलेलें राहतें.

अशा धंद्यांत पेस तीस वर्षें टिकले. कसे टिकले, याचें उत्तर त्यांच्या जोडीदारांच्या यादींत आहे. शंभराहून अधिक निरनिराळ्या सहकाऱ्यांबरोबर ते खेळले. उंच सर्व्हिसवाला असो, डावखुरा असो, नवखा असो वा कीर्तिमान्, प्रत्येकाच्या बळाभोंवतीं त्यांनीं आपला खेळ रचला. २००६ सालीं मार्टिन डॅम याच्यासह, २००९ सालीं लुकास द्लोही याच्यासह दोनदां, २०१२ व २०१३ सालीं रादेक स्टेपानेक याच्यासह : हीं सारीं पुरुष दुहेरीचीं महास्पर्धांतलीं अजिंक्यपदें, आणि हे तिघेही चेक. न्यूयॉर्कचें २०१३ चें अजिंक्यपद जिंकिलें तेव्हां पेस चाळीस वर्षांचे होते. मिश्र दुहेरींत तर २००३ सालीं शेहेचाळीस वर्षांच्या मार्टिना नवरातिलोव्हा यांच्याबरोबर त्यांनीं ऑस्ट्रेलियन व विंबल्डन या दोन्ही स्पर्धा जिंकिल्या. त्या विंबल्डन विजयानें नवरातिलोव्हा यांचीं तेथील अजिंक्यपदें वीस होऊन बिली जीन किंग यांच्याशीं त्यांची बरोबरी झाली. पुढें मार्टिना हिंगिस हिच्यासह २०१५ या एका वर्षांत तीन, आणि २०१६ सालीं पॅरिसची एक. एकूण महास्पर्धा पुरुष दुहेरींत आठ, मिश्र दुहेरींत दहा.

यांत एक वर्ष मृत्यूच्या छायेंतलेंही आहे. २००३ च्या विंबल्डननंतर लवकरच त्यांस असह्य डोकेदुखी सुरू झाली. मेंदूंत गांठ असावी असें भय प्रथम वाटलें. पुढें तो एका कृमीचा संसर्ग असल्याचें निष्पन्न झालें, आणि औषधानें तो बरा झाला. त्या वर्षींची न्यूयॉर्कची स्पर्धा हुकली. वडील स्वतः वैद्य होते. त्या दिवसांत त्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आमच्या वाचकांतील पालकांनीं करावी.

अमेरिकेंतील बॉब व माइक ब्रायन या जुळ्या भावांची गोष्ट याच्या अगदीं उलट. त्यांनीं मिळून १६ महास्पर्धा व एकंदर ११९ स्पर्धा जिंकिल्या. एकाच घरांत वाढलेले, एक डावखुरा तर एक उजवा; त्यांस जोडीदार शोधण्याचा प्रश्न सहसा पडला नाहीं. ब्रायन बंधूंचा हिशेब मोठा आहे यांत शंका नाहीं. परंतु २०१२ सालीं ऑस्ट्रेलियाच्या अंतिम सामन्यांत याच बंधूंस पेस व स्टेपानेक यांनीं हरविलें, आणि पेस यांचीं चारही महास्पर्धांचीं पुरुष दुहेरींतलीं पदें पूर्ण झालीं. जन्मापासूनच्या जोडीला नवी जोडी हरवूं शकते, ही गोष्ट आम्हांस तरी फार अर्थपूर्ण वाटते. आम्हांस कोणी निवड करावयास सांगितल्यास आम्ही पेस यांचें कौशल्य अधिक दुर्मिळ मानूं. मात्र १९९९ ची जोडी टिकली असती तर काय झालें असतें, ही रुखरुख त्या निवडीच्या आड येतेच.

देशासाठीं ते १९९२ पासून २०१६ पर्यंत लागोपाठ सात ऑलिंपिकांत खेळले. टेनिसमध्यें असें पूर्वीं कोणीं केलें नव्हतें. डेव्हिस चषकांत एप्रिल २०१८ मध्यें चीनविरुद्ध दुहेरीचा ४३ वा विजय मिळवून त्यांनीं इटलीच्या निकोला पिएत्रांजेली याचा विक्रम मागें टाकिला. त्या दिवशीं जोडीदार कोण होता? लंडनच्या वेळीं नकार देणारा रोहन बोपण्णाच. २०२४ सालीं न्यूपोर्ट येथील टेनिसच्या कीर्तिमंदिरांत पेस यांचा समावेश झाला.

आतां वडिलांच्या शंकेची खरी परीक्षा. २०२५ सालीं न्यूयॉर्कच्या महास्पर्धेनें मिश्र दुहेरीचें रूपच पालटलें. मुख्य स्पर्धेच्या आधींच्या आठवड्यांत सोळा जोड्यांचा छोटा सामना ठेविला, लहान सेट, आणि दहा लक्ष डॉलरांचें बक्षीस. बहुतेक जागा एकेरीच्या नामांकित मंडळींस दिल्या. दुहेरीवाल्यांनीं फार तक्रार केली. आदल्या वर्षींचे विजेते म्हणून इटलीच्या सारा एर्रानी व आंद्रेआ व्हावास्सोरी यांस मात्र प्रवेश मिळाला. अंतिम सामन्यांत त्यांची गांठ ईगा श्व्यांतेक व कॅस्पर रूड या एकेरीच्या दोन मोठ्या खेळाडूंशीं पडली, आणि दुहेरीचे हे दोन कारागीर जिंकले. एका सामन्यानें शास्त्र सिद्ध होत नाहीं. तरी वडिलांनीं हा निकाल एकदां वाचावा.

आपल्या महाराष्ट्रांतही या वाटेनें जाणारे आहेत. पुण्याचे अर्जुन कढे यांनीं ऋत्विक चौधरी बोल्लीपल्ली यांच्यासह ऑक्टोबर २०२४ मध्यें कझाकस्तानांतील अल्माटी येथें दुहेरीची स्पर्धा जिंकिली. निर्णायक टायब्रेक दहावर न संपतां १४-१२ पर्यंत लांबला. ऋतुजा भोसले यांनीं बोपण्णांच्या जोडीनें हांगचौच्या आशियाई खेळांत, सप्टेंबर २०२३ मध्यें, मिश्र दुहेरीचें सुवर्णपदक मिळविलें. पहिला सेट २-६ असा गेला होता. दुसरा ६-३ आणि टायब्रेक १०-४. बोपण्णा त्या वेळीं त्रेचाळीस वर्षांचे, ऋतुजा सत्तावीस. पुढच्याच वर्षीं बोपण्णा मॅथ्यू एब्डन याच्यासह ऑस्ट्रेलियाचें अजिंक्यपद जिंकून, दुहेरीच्या क्रमवारींत पहिला क्रमांक मिळविणारे सर्वांत वयस्क खेळाडू ठरले. एकेरींत ज्या वयांत खेळाडू निवृत्त होऊन दहा वर्षें लोटतात, त्या वयांत हें घडलें. निम्में कोर्ट सांभाळावयाचें असल्यामुळें पाय वांचतात, आणि वयाबरोबर वाढणारा अंदाज उपयोगी पडतो, हें त्याचें कारण.

आमच्या विद्यार्थ्याची जोडी आंतरशालेय सामन्यांत दुसऱ्या फेरींत हरली. तो सामना पाहावयास वडील आले होते, आणि आम्हांस पाहून शेजारीं येऊन बसले. शेवटचा गुण मधून आलेल्या एका साध्या चेंडूवर गेला. दोघेही मुलगे थांबले होते. आमचा विद्यार्थी उजव्या बाजूस होता.

"सर, तो चेंडू कोणाचा होता?" वडिलांनीं विचारलें.

आम्ही म्हणालों, "संकेताप्रमाणें डावीकडच्याचा. आपल्या मुलाचा नव्हे."

मुलगा रॅकेट पिशवींत घालीत जवळच उभा होता. तो म्हणाला, "पण बाबा, मींही हांक दिली नव्हती."